ससा, बिबट्या आणि बंद केलेलं गवत

एका जंगलात चोवीस तास वीज होती. हसू नका, बाळांनो. गोष्ट ऐकायची म्हणजे थोडं सोसायचं असतं.

वीज होती म्हणून वायफाय होतं. वायफाय होतं म्हणून गेम होते. आणि गेम होते म्हणून कुणालाच वेळ नव्हता. खारूताया बिया पुरायला विसरल्या. सुगरण पक्ष्याचं घरटं अर्धंच लोंबत राहिलं. कोंबडा तर रात्रभर खेळायचा आणि पहाटे आरवायच्या ऐवजी झोपायचा. सूर्य आपला आपणच उगवायचा बिचारा.

त्या जंगलात टिपरू नावाचा एक ससा राहायचा. माळावरच्या उंच गवतात त्याचं घर होतं. घर म्हणजे काय, गवत दाबून केलेला एक खळगा. त्याला दार नाही, कडी नाही, छप्पर नाही. रानातल्या सशांचं असंच असतं. गवत हीच भिंत आणि गवत हेच कुलूप.

टिपरूच्या बायकोचं नाव ठकूबाई. तिला दिवस गेले होते. पिल्लं झाली की ती याच खळग्यात ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. दुसरी जागा तरी कुठं होती? तेव्हा हे गवत लक्षात ठेवा. टिपरूनं ठेवलं नाही, तुम्ही तरी ठेवा.

आता उन्हाळा आला की पाणवठ्यावर भांडण व्हायचं. पहिलं पाणी कुणी प्यायचं, गवत खाणाऱ्यांनी की मांस खाणाऱ्यांनी? पूर्वी हा प्रश्न पळापळीनं सुटायचा. त्यात गवत खाणाऱ्यांपैकी एकदोघे दरवर्षी कायमचे सुटायचे.

पण वाघमहाराज नव्या विचारांचे होते. ते म्हणाले, "इथून पुढं रक्त सांडायचं नाही. दोन्हीकडून एकेक गडी द्या. बंदुकीचा गेम खेळा. जिंकेल त्याच्या मंडळींनी उन्हाळाभर आधी पाणी प्यायचं. हरेल त्यानं उरलेला गाळ."

मांस खाणाऱ्यांनी बिबट्या दिला. त्याला सगळे ठिपकेदादा म्हणायचे. गवत खाणाऱ्यांनी टिपरूला दिला. तो शूर होता म्हणून नव्हे हं. बाकी सगळ्यांना खुरं होती, आणि खुरांनी बटणं दाबता येत नाहीत.

टिपरू जीव तोडून सराव करायला लागला. गेममध्येही जंगलच होतं. तिथंही गवत, तिथंही सावल्या, तिथंही धुकं. ठिपकेदादा गवतात पडून राहायचा आणि टिपरू समोर आला की ठो. टिपरू पुन्हा उठायचा, पुन्हा ठो. टिपरूच्या नाकी नऊ आले.

तो हुप्पेमास्तरांकडे गेला. हुप्पेमास्तर म्हणजे वडाच्या झाडावरचे वानर. त्यांनी 'शूटर गेमची खात्रीशीर शिकवणी' अशी पाटी लावली होती. ते स्वतः कधी जिंकले नव्हते. पण शिकवणीवाल्यांना हे कुणी विचारतं का?

"मास्तर, मला तो दिसतच नाही," टिपरू म्हणाला.

मास्तरांनी अंग खाजवलं. "नेम चांगला आहे तुझा. दोष डोळ्यांचा नाही आणि हातांचाही नाही. पडद्यावरचं चित्र स्वच्छ दाखवणारं ग्राफिक कार्ड नाही तुझ्याकडे."

झालं. गवत खाणाऱ्यांनी वर्गणी काढून ग्राफिक कार्ड मागवलं. ते भल्यामोठ्या खोक्यातून आलं. खोक्यावर एका शिपायाचं चित्र होतं. अंगात चिलखत, हातात बंदूक, डोळे लालभडक. तोच शिपाई कार्डाबरोबर गेममध्ये खेळायला फुकट मिळाला होता.

नवीन वस्तू घरात आली की पूजा नको का? हरणांनी नारळ फोडला. गव्यानं कार्डाला हळदकुंकू वाहिलं. भक्तीच्या भरात एक टिळा त्यानं पडद्यालाही लावला. पहिला दिवसभर टिपरू त्या टिळ्यालाच गोळ्या घालत बसला.

पूजा आटोपल्यावर टिपरू खोकं फेकायला निघाला. ठकूबाईनं अडवलं.

"अहो, राहू द्या ते. खोकं कामाला येतं."

"कसल्या कामाला?"

"ते खोकं ठेवल्यावर कळतं. फेकल्यावर तर लगेचच कळतं."

टिपरू हसला. ज्या घराला छप्पर नाही त्या घरात हिला माळ्यावरची अडगळ हवी, असं म्हणाला. खोकं राहिलं मात्र. तुमच्या आईनं मिक्सरचं खोकं अजून ठेवलंय की नाही? मग.

मास्तर शिकवायला आले. "आता नीट ऐक," ते म्हणाले. "नियम एकच. गेममध्ये जे जे सुंदर आहे ते बंद करायचं."

टिपरूनं सावल्या बंद केल्या. धुकं बंद केलं. पाण्यावरची चमक बंद केली.

"आता ब्राइटनेस वर ने. कॉन्ट्रास्ट वर ने. गॅमा वर ने."

"मास्तर, गॅमा म्हणजे काय?"

"ते विचारायचं नसतं. वाढवायचं असतं."

टिपरूनं वाढवलं. मग मास्तरांनी रंग चढवायला लावले. ठिपकेदादा हळदीत लोळून आल्यासारखा पिवळाधमक दिसायला लागला.

"हं, आता गवत बंद कर."

टिपरूचा पंजा जरा थबकला. "गवत?"

"गवतात शत्रू लपतो."

"गवतात मीही राहतो, मास्तर."

"अरे, गेममधलं रे. तुझं घर कुणी मागितलंय?"

टिपरूनं बटण दाबलं. पडद्यावरचा माळ मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखा गुळगुळीत झाला. त्यावर ठिपकेदादा पोटावर पडला होता. ढुंगण वर, शेपटी सरळ. आपण कुणाला दिसत नाही या समाधानात अगदी निवांत.

सामन्याच्या दिवशी सगळं जंगल लोटलं. ठिपकेदादाचं कार्ड टिपरूच्या कार्डापेक्षा भारी होतं. पण गडी पडला हौशी. त्यानं सगळं पूर्ण चढवून ठेवलं होतं. त्याच्या पडद्यावर गवताचं पातं न् पातं हलायचं. दवाच्या थेंबात सूर्य दिसायचा. तो थेंबच बघत राहिला, आणि त्या लालभडक डोळ्यांच्या शिपायानं त्याला टिपला. पुन्हा टिपला. लपेल तिथं टिपला.

ठिपकेदादा चिडून उठला. "हे कसं शक्य आहे? मी गवतात होतो."

टिपरूनं कान हलवले आणि शांतपणे विचारलं, "कुठलं गवत?"

गवत खाणारे पोट धरून हसले. 'कुठलं गवत?' ही जंगलात म्हणच झाली. जो तो ज्याला त्याला विचारायला लागला. गवत खाणाऱ्यांना उन्हाळाभर पहिलं पाणी मिळालं. टिपरूची हत्तीवरून मिरवणूक निघाली. हत्तीवर बसलेल्या सशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कितीसा वेळ लागतो?

आता गंमत ऐका. इतके दिवस लखलखीत पडदा बघून टिपरूचे डोळे विटले. खरं जंगल त्याला मळकट दिसायला लागलं. जिकडं तिकडं सावल्या. जिकडं तिकडं पानं. कोण कुठं बसलंय पत्ता नाही.

तो वाघमहाराजांना म्हणाला, "महाराज, आपल्या जंगलाचं सेटिंगच चुकलंय."

वाघमहाराज नव्या विचारांचे होते हे मी सांगितलंच. त्यांनी लगेच एक दिसणं-खातं काढलं आणि टिपरूला त्याचा मंत्री केलं. हुप्पेमास्तर सल्लागार झाले.

मंत्र्यानं पहिल्यांदा सावल्या बंद केल्या, म्हणजे फांद्या तोडल्या. धुक्याला बंदीचा हुकूम काढला. धुकं उन्हाळ्यात तसंही नसतं, त्यामुळं हुकूम यशस्वी झाला. मग आली गवताची पाळी. ती तर फारच सोपी निघाली. गवत खाणाऱ्यांना सांगितलं, "खा." त्यांनी खाल्लं. एवढं लोकप्रिय सरकारी काम त्या जंगलात आजवर झालं नव्हतं.

आणि खरं सांगतो, उपयोग झाला. ठिपकेदादा निघाला की हरणांना लांबूनच दिसायचा. हरणं पळायची. ठिपकेदादा उपाशी. सगळीकडे टिपरूचा जयजयकार.

एकट्या ठकूबाईनं तोंड उघडलं. तिची पिल्लं नुकतीच जन्मली होती. मऊमऊ, कापसाच्या बोंडाएवढी.

"अहो, माळावर आता आपल्याच घराभोवती गवत उरलंय. ते तरी ठेवा."

"ठकू, शत्रू लांबून दिसला पाहिजे की नको?"

"हरणाला दिसला तर हरीण पळतं. मला दिसला तर मी काय करू? पिल्लं तोंडात धरून कितीदा पळू? अहो, सशाला दुसरा दिसून भागत नाही. सशानं दुसऱ्याला दिसायचं नसतं."

 तिचं म्हणणं टिपरूला पटलं होतं, बरं का. पण तेवढ्यात खळग्यापाशी हरणांचा घोळका आला. "साहेब, शेवटचा तुकडा आपल्या हस्ते," असं म्हणून त्यांनी गळ्यात हार घातला. हार गळ्यात पडल्यावर पटलेलं काही गोष्टीतल्या सशापाशीही टिकत नाही. टिपरूनं पहिलं पातं स्वतः खाल्लं. बाकीचं हरणांनी संपवलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

उरला नुसता माळ. माळाच्या मधोमध एक खळगा. खळग्यात पिल्लं.

 ठकूबाईनं अडगळीतलं खोकं ओढत आणलं, पिल्लांवर पालथं घातलं आणि स्वतः त्याच्यामागं दबून बसली.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ठिपकेदादा आला. उपाशी होता. पळणारं काही मिळत नव्हतं, म्हणून न पळणारं काही मिळतं का ते बघायला आला होता.

टिपरूला तो लांबूनच दिसला. फार छान दिसला. एकेक ठिपका मोजता आला असता. पण पिल्लं सोडून पळणार कुठं? मग त्यानं तेच केलं जे त्याच्या बापानं आणि आजानं केलं होतं. कान पाठीवर पाडले, अंग जमिनीला चिकटवलं, डोळे स्थिर केले आणि अजिबात हलला नाही.

ठिपकेदादा चालत चालत आला आणि त्याच्या शेजारी बसला.

"काय मंत्रिसाहेब?"

टिपरू ओठ न हलवता पुटपुटला, "मी... मी गवतात आहे."

ठिपकेदादानं सावकाश जांभई दिली. सगळे दात दिसले. मग त्यानं विचारलं, "कुठलं गवत?"

टिपरूला रडू आलं. आपण मरणार म्हणून नव्हे. पाठीमागं खोक्यात पिल्लं कुईकुई करत होती, आणि ती ऐकू येत होती.

ठिपकेदादानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. समोर तो उभा होता. अंगात चिलखत, हातात बंदूक, डोळे लालभडक. सामन्यात त्याला लपेल तिथं टिपणारा तोच शिपाई.

ठिपकेदादाची बोबडी वळली. त्यानं उडी मारली आणि सवयीप्रमाणं गवतात लपला. गवत नव्हतंच. तो उघड्या माळावर पोटावर पडला. ढुंगण वर, शेपटी सरळ.

खोक्यामागून ठकूबाईनं आवाज जाड केला.

"दिसतोयस."

ठिपकेदादा असा पळाला की पुढचे चार दिवस तो कुणालाच दिसला नाही.

त्या दिवसापासून टिपरू, ठकूबाई आणि पिल्लं खोक्यातच राहायला लागली. आत काळोख होता. टिपरू म्हणाला, "ठकू, इथं काहीच दिसत नाही गं."

"असू द्या," ती म्हणाली. "झोपा आता."

आणि कितीतरी दिवसांनी टिपरूला शांत झोप लागली.

तुम्हाला वाटेल, जंगल शहाणं झालं असेल आणि सगळ्यांनी मिळून गवत लावलं असेल. बाळांनो, तुम्ही फारच लहान आहात. जंगलात बातमी पसरली ती अशी: ग्राफिक कार्डामुळं मंत्र्याचं कुटुंब वाचलं. मग प्रत्येक घरानं एकेक कार्ड मागवलं. हुप्पेमास्तरांची शिकवणी दोन पाळ्यांत चालायला लागली. माळावर जिकडं तिकडं खोकीच खोकी झाली. खायला काही नव्हतं, म्हणून हरणं पुठ्ठा चघळायला शिकली. पण चघळताना ती एकमेकांना सांगायची, "काही म्हण, दिसतंय मात्र किती स्वच्छ."

तात्पर्य: शत्रू नीट दिसावा म्हणून स्वतःचं घर उघड्यावर आणलं तरी हरकत नाही. फक्त खोकं तेवढं फेकू नये.