एक थेंब, नऊ स्क्रू

"बाबा, अजून टपकतंय!" टिटवीने हॉलमधून आरोळी ठोकली. गप्प बसणं जमत नसल्याने घरात तिचं हेच नाव पडलं होतं.

थेंब एकच होता, पण बाबांच्या इभ्रतीचा होता. "समुद्राच्या तोंडाशी बंगला घेतोयस, बाळ्या. दोन वर्षांत छप्पर रडेल आणि माझाच मिस्त्री बोलवशील," असं घर घेतलं त्याच दिवशी आत्याने ऐकवलं होतं. आज दोन वर्षं भरत होती, आणि चार वाजता आत्या येणार होती. म्हणून बाबा स्वतःच पत्र्यावर चढले होते आणि गळती कळावी म्हणून आई अंगणातून पाइपने वर पाणी मारत होती.

खाऱ्या वाऱ्याने स्क्रू पार खाल्ले होते. बाबांनी हॉलच्या भिंतीपासून थेंबापर्यंत सात पावलं मोजली होती. तशीच सात वर पत्र्याच्या कडेपासून मोजून त्यांनी तिथला गंजका स्क्रू उपटला. नवा घातला, तो जुन्या भोकात खुळखुळला.

"आता दोन ठिकाणी!"

"शेजारचा बदलतो!"

"तीन!"

नवव्या स्क्रूला टिटवीची ट्यूब पेटली. "बाबा, पत्रा भिंतीच्या बाहेर आलाय ना! कडेपासून मोजलंत तर चुकणारच की!"

वर पावलं पुन्हा मोजली गेली. मग बाबांनी खऱ्या जागी डांबर थापलं. तो थेंब थांबला, आणि डबाही संपला; नऊ भोकं तशीच राहिली.

"आत्यासमोर तोंड उघडलंस तर बघ," बाबा उतरता उतरता म्हणाले.

आत्या आली आणि पाठोपाठ पावसाची सरही आली. आत्याला जुन्या थेंबाखालच्या खुर्चीत बसवलं. हॉलमध्ये तेवढीच जागा कोरडी होती. बाबांच्या टकलावर टप्पकन थेंब पडला, ते हसतच राहिले. आई डोक्यावर वर्तमानपत्र धरून वाचल्यासारखं करत होती. टिटवी दोन पायांत पातेलं लपवून आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभी होती. पातेलं मात्र बोलत होतं.

आत्याने वर पाहिलं, मग तिघांकडे. "मानलं हं बाळ्या! माझ्या अंगावर एक थेंब नाही."

बाबांची छाती फुगली.

आत्या दाराकडे वळली. "मिस्त्री, या हो आत! एवढी खुर्चीवरची जागा सोडा, ती माझ्या भावाने केलीय. बाकीचं सगळं तुमचं."

बाबा शिडी धरायला उठले.