ओल्डमचे संरक्षित पट्टे

इंग्लंडमधल्या ओल्डम येथील जुने गृहसंगणक जतन मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत सभासद सेड्रिक एंटव्हिसल यांनी, सोबत आणलेल्या आपल्या १९८३ सालच्या संगणकाच्या पडद्यावर तिरके पट्टे येतात, अशी तक्रार सविनय मांडली. पट्ट्यांमागे त्यांची बायको होती. म्हणजे आयरीन वारून बरीच वर्षं झाली. पण लेक गेनरने शाळेत असताना एक प्रोग्रॅम लिहून कॅसेटवर ठेवला होता, आणि त्यात चौकोनी ठोकळ्यांची आयरीन दारात उभी राहून हात हलवायची. गेनर पुढच्या आठवड्यातल्या रविवारी न्यूझीलंडहून येणार होती. तिला तिची आई दाखवायची, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं.

"दाखवू की," अध्यक्षा बेरिल क्लेग म्हणाल्या. "आधी चहा होऊ दे."

चहानंतर उपसमिती नेमण्यात आली. समितीने वायर काढून परत लावली, वीजपुरवठा तपासला, कीबोर्ड ब्रशने झाडला आणि त्यातून निघालेल्या बिस्किटाच्या चुऱ्याची रीतसर नोंद केली. पट्टे ढिम्म.

"पडदा म्हणून जोडलेला टीव्हीच बिघडला असेल," सेड्रिक चाचरत म्हणाले.

टीव्ही मंडळाच्या कक्षेत येत नव्हता. तो समोरच्या खोलीतल्या जुने रेडिओ आणि टीव्ही मंडळाचा विषय, आणि त्या मंडळाशी किटलीच्या प्रकरणापासून बोलणं बंद होतं.

"अहो एंटव्हिसल, आपली किटली नेऊन त्यांनी तिच्यात सूप केलं," बेरिलबाई म्हणाल्या. "टीव्हीला हात लावला की त्यांचे पाय धरल्यासारखंच झालं."

"मग संगणकातला एखादा भाग बदलून बघू."

"मूळचा भाग बदलायचा? इथे माणसं स्वतःच्या घराची खिडकी बदलायला परवानगी मागतात, आणि तुम्ही मेले चाळीस वर्षांच्या वस्तूचं काळीज काढायला निघालात."

यावर पुन्हा चहा झाला, आणि त्या चहात बेरिलबाईंना तोड सुचली. सगळे भाग मूळचे. मूळच्या भागांतून आलेला बिघाडही मूळचाच. सबब तो वारसा. ठराव एकमताने मंजूर झाला आणि टीव्हीवर पाटी लागली: 'ऐतिहासिक पट्टे. कृपया दुरुस्त करू नयेत.'

"आणि आमची आयरीन?" सेड्रिकनी विचारलं.

"आहेत की त्या, पट्ट्यांमागे. उलट ऊन लागत नाही त्यांना."

दारावरून जाताना पाटी वाचायला एक गृहस्थ थांबले. त्यांच्यामागे एक बाई उभी राहिली, कारण पुढे कोणीतरी उभं होतं. दुपारपर्यंत रांग मासळीच्या दुकानापर्यंत गेली. निवृत्त शिक्षकांनी पट्ट्यांच्या कलण्यात गावच्या कापडगिरण्या बंद पडल्याचं दुःख शोधलं. आठवड्याभरात पट्ट्यांची नक्षी असलेले टॉवेल विकायला आले. समोरच्या मंडळातली माणसंसुद्धा मफलरमध्ये तोंड लपवून रांगेत लागली. सेड्रिकना 'मानद पट्टेरक्षक' असा बिल्ला मिळाला आणि महापौरांनी त्यांचा हात हातात घेतला. जन्मात कोणी विचारलं नव्हतं हो त्या माणसाला. त्यांना ते आवडलं, फार आवडलं. रोज सकाळी ते कॅसेट लावत, प्रोग्रॅम सुरू करत आणि पट्ट्यांवरची धूळ पुसत.

ठरल्या रविवारी गेनर विमानतळावरून थेट आली. रांगेतून पुढे सरकत ती टीव्हीपाशी पोचली, पाटी वाचली आणि हसायला लागली.

"बाबा, काय हा वेडेपणा?"

तिने टीव्हीच्या मागे हात घातला आणि एक बटण किंचित फिरवलं. पट्टे सरळ झाले, विरले. दारात आयरीन उभी होती आणि हात हलवत होती. गेनरचे डोळे भरून आले. सेड्रिकचेही आले, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मागून कोणीतरी विचारलं, "पट्टे कुठे गेले? आम्ही पार बर्नलीहून आलोय."

रांगेत कुजबूज सुरू झाली. बेरिलबाई पांढऱ्याफटक पडल्या. सेड्रिकनी एकदा आयरीनकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग छातीवरचा बिल्ला सरळ केला आणि लेकीच्या कानाशी वाकले.

"बाळा, लोक खोळंबलेत गं. आईला जरा आत पाठव."

गेनरने बिल्ल्यावरची अक्षरं वाचली. मग बटण उलटं फिरवलं. पट्टे परत आले, आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

हसू नका. तुम्हीही त्या रांगेत होतात, टाळ्या तुम्हीच सुरू केल्यात. नंतर पुढच्या बाईंना म्हणालातसुद्धा, "मधे ते काय भलतंच दिसत होतं हो?"