रखमाजी पिसे याची काळी माशी सोडिली त्याची हकीकत

श्रीजलाधिपती प्रसन्न. वाहते पाणी साक्ष ठेवून, कोणाची भीड न धरिता, जाहले तैसे लिहिले आहे. शके सतराशे त्र्याण्णव, प्रजापती नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी राज्यात वर्तमान वर्तले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. वर डोंगर, खाली खाडी आणि मध्ये दरबार, इतके म्हटले म्हणजे पुरे. डोंगरातील नदी फार थंड, म्हणोन थोरल्या महाराजांनी विलायतेहून ट्राउट नामे मासा आणवून तीत सोडिला, आणि त्याच्या अंगावर ठिपके म्हणोन रयत त्यास ठिपक्या म्हणू लागली. मासा मोठा मानी. कणकेची गोळी टाकिली तर तोंड फिरवी, आणि गांडूळ लावावे तर धाकट्या महाराजांस त्याची किळस. मग तो पाण्यावरचे उडते किडे टिपून खातो ऐसे पाहून, गळावर पीस, केस आणि रेशीम बांधून किड्याचे सोंग करावे ऐसे ठरले, आणि त्या सोंगासच लोक माशी म्हणू लागले, आणि हत्तींस पीलखाना तैसा माश्यांस माशीखाना निघाला, आणि त्यावर आबाजीपंत कारखानीस नेमिले. पंत दिवसभर तक्क्यास टेकून बसत. गावात कोणी विचारिले, पंत हल्ली काय करितात, तर लोक म्हणत, माश्या मारितात. आणि पंतांस रागही धरिता येईना, कारण हुद्द्याचे नावच तैसे.

माशीखान्यात बांधणारे पुष्कळ, परंतु ज्याची माशी मासा धरी तो एकच, रखमाजी पिसे. रखमाजी डावखुरा. गळ शेगड्याच्या लोखंडी चिमट्यात घट्ट धरून तो रेशमाचे फेरे उलटे घाली, आणि कोंबड्याच्या मानेचे पीस, सशाच्या कानाचे केस, जे हाती येईल ते ऐसे बसवी की बोटावर धरिली असता माशी उडेल ऐसे वाटे. खाडीतल्या जिताडा माशासाठी तो बोकडाचे पांढरे केस आणि चांदीची तार लावून वेगळ्या माश्या करी. लेक गिरजाऊ आईवेगळी, बापाच्या शेगड्यापाशीच वाढली. तिला त्याने सगळे शिकविले, एक वगळून. ती काळी. बाहेरून पाहता काळ्या पिसांचा झुबका, आत काय ते कोणास ठाऊक नाही. ती बांधावयाची तेव्हा रखमाजी लेकीकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करी. गिरजाऊ म्हणे, “बाबा, आत काय घालिता?” तो म्हणे, “बघू पुढे.” आणि कार्तिकात त्यास कफाचा ताप आला आणि तीन रोजांत तो वारला, आणि ते पुढे आलेच नाही. काळ्या माश्या त्याने आजवर ज्या केल्या त्या काही माशांनी नेल्या, काही झाडांनी, आणि एक तर दिवाणजींच्या कानात रुतून गेली होती. प्रेतास अंघोळ घालतेसमयी पागोटे उतरिले, तो पदरात एक टोचलेली सापडली. तीच शेवटची. गिरजाऊने ती कापसात गुंडाळून डबीत ठेविली, आणि कोणासमोर डोळा ओला केला नाही.

सुतक फिटते न फिटते तोच आबाजीपंत दारी आले. ओटीवर रखमाजीची बहीण सटवाआत्या तांदूळ निवडीत बसली होती. पंत म्हणाले, “गिरजाऊ, बापाची काळी तुजपाशी आहे ऐसे ऐकितो.” ती म्हणाली, “आहे.” पंत म्हणाले, “मग दरबारात दे. फेरे उकलून आत काय ते पाहू, आणि माशीखान्यात हव्या तितक्या बांधवू. नावही महाराजांनी ठेविले आहे, हुजूरपसंत.” आत्या सुपातून मान वर न करिता म्हणाली, “पंत, माणूस गेला तेव्हा खांदा द्यावयास दरबारचे कुत्रेही फिरकले नाही. आणि आता माशीच्या बारशास स्वतः आलात, फार उपकार.” पंत म्हणाले, “आत्याबाई, तुम्ही तांदूळ निवडा. पाहुणे राजे येताहेत, मोठ्या डोहातला जुना ठिपक्या त्यांस धरून दाखवावयाचा आहे, आणि तो काळीवाचून कशास तोंड लावीत नाही.” गिरजाऊ म्हणाली, “देत नाही. एकाने बांधिली ती दुसऱ्याने उकलू नये, ही आमच्या घरची रीत.” मग पंतांनी आवाज मऊ केला आणि म्हणाले, “अगे, तुला तरी कोठे ठाऊक आहे आत काय ते? उकलिली तर तुलाही कळेल.”

हे मात्र वर्मी लागले. कळावे ऐसे तिच्या जीवास फार होते. पंत गेल्यावर तिने डबी उघडिली आणि माशी उजेडात धरिली, आणि पिसांच्या बुडाशी फेऱ्याचा शेवट दिसला, एवढीशी गाठ. नखाने उचलिली असती तर सगळे सुटते. परंतु ते फेरे बाबांनी ओढून धरिले होते तैसेच ताणून बसले होते. रेशीम एकदा ढिले पडले म्हणजे आत काय होते ते कळेल, आणि ते ओढून धरणारा हात जाईल, आणि तो हात जगात आता एवढ्याच ठिकाणी राहिला होता. आत्या म्हणाली, “बघतेस काय? उकल की. घरचीच तू.” गिरजाऊने डबी मिटली आणि म्हणाली, “माझ्यानेही नाही, आत्या.”

पुढे पाहुणे राजे आले, आणि डोहाच्या काठी डेरा दिला, आणि गालिचा अंथरिला, आणि चंदनाच्या पाटावर शेगडा, कातर आणि भिंग मांडिले, आणि माशीखान्याचे बांधणारे रांगेने बसविले, आणि दोघे शिपाई पाठवून गिरजाऊस डबीसुद्धा आणविले. महाराज केळे खात बसले होते. शेजारी पाहुण्यांसाठी सजविलेली गळाची काठी दोऱ्यासुद्धा उभी होती. आबाजीपंत पुढे होऊन म्हणाले, “गिरजाऊ, आता हट्ट पुरे. ही माशी सोड.” फेरे सोड ऐसे म्हणावयाचे ते पंतांनी घाईत माशी सोड म्हटले. गिरजाऊने ते ऐकिले, आणि काठीकडे पाहून म्हणाली, “कोण सोडणार? बांधणारे की मी?” पंत म्हणाले, “तू सोड. तुझ्या हाताने बरी सुटेल.” ती म्हणाली, “सर्वांदेखत?” पंत म्हणाले, “सर्वांदेखत.” ती महाराजांकडे वळली आणि म्हणाली, “हुजूरची आज्ञा आहे?” महाराजांचे तोंड भरलेले. त्यांनी हात हालविला आणि म्हणाले, “सोड म्हटले ना. सोड.”

मग गिरजाऊने लवून मुजरा केला, आणि पाहुण्यांची काठी उचलिली, आणि माशी दोऱ्यास गाठिली, आणि कोणी उठून पुढे येईतो काठी मागे नेऊन ऐसी फेकिली की काळी मोठ्या डोहाच्या मध्यावर पिसासारखी उतरली. पंत ओरडले, “अगे, हे काय करितेस?” ती पाण्यावरची नजर न काढिता म्हणाली, “माशी सोडिली. आज्ञा तीच होती.” पाहुणे राजे हसले. महाराजांस राग यावयाचा, परंतु तितक्यात डोहात पाणी फुगले आणि काळी दिसेनाशी झाली आणि काठी कमानीसारखी वाकली, आणि महाराज हातातले केळे टाकून काठावर धावले, कारण जातीचे गळवाले होते. “तोच तो,” महाराज म्हणाले. “ढील दे, पोरी. ढील दे, दमव त्याला.”

ढील द्यावी हे गिरजाऊस शिकवावे लागत नव्हते. ढील दिली तर मासा दमेल, दमला तर काठास येईल, आणि त्याच्या जबड्यात काळी असेल, आणि पाटावर कातर मांडलेलीच होती. तिने काठी खाली केली आणि दोरा दोन्ही मुठींत धरिला. महाराज म्हणाले, “तुटेल ना गे.” ती म्हणाली, “होय, महाराज.” आणि धरूनच राहिली, दोऱ्याने बोटे कापिली तरी सोडीना, आणि मासा एकवार सबंध पाण्याबाहेर आला, आणि सर्वांनी त्याचे ठिपके पाहिले, आणि दोरा तुटला. मग डोह पहिल्यासारखा जाहला. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आले, ते तिने कोणापासून लपविले नाही.

महाराज पाण्याकडे पाहत म्हणाले, “आत काय होते ते आता कोणासच कळावयाचे नाही.” गिरजाऊ म्हणाली, “नाही.” पंत म्हणाले, “हुजूर, हिला शिक्षा व्हावी.” महाराज म्हणाले, “कशाबद्दल, पंत? आज्ञा तुम्ही दिलीत आणि मी हात हालविला.” तरी दरबाराच्या अब्रूचा प्रश्न, म्हणोन तिला डोंगरातली नदी बंद केली, की पिश्यांच्या घरच्या कोणी तिच्या काठी उभे राहू नये. तिने ते उभ्याने ऐकून घेतले, आणि विनवणी केली नाही, आणि बापाचा शेगडा डोक्यावर घेऊन आत्येसह खाडीकाठी उतरली. खाडीस दरबाराचा पहारा नाही. तेथे ती जिताड्याच्या माश्या बांधू लागली, उजव्या हाताने, सुलट फेऱ्याने, आणि कोळी नेऊ लागले. एक कोळी म्हणाला, “बापासारखी न्हाय तुझी.” ती म्हणाली, “नको असली तर ठेव.” त्याने नेली.

तात्पर्य काय, तर माशीखाना आजही चालतो, आणि तेथे हुजूरपसंत नावाच्या काळ्या माश्या पुष्कळ होतात, आणि ठिपके मासे त्यांस विचारीत नाहीत. रखमाजी पिसे मेला, पण कोणी त्यास उकलिले नाही. जाहले ते इतके.