कुकर आणि विश्वाची उत्पत्ती

विज्ञान सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले पाहिजे, याबद्दल सर्वसामान्य सोडून सर्वांचे एकमत आहे.

हे एकमत अमलात आणण्याची जबाबदारी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतल्या विज्ञानलेखकावर होती. संपादकांनी त्याला एकच निकष घालून दिला होता : "माझ्या आईला कळलं पाहिजे." (आईंना हे कोणी सांगितले नव्हते. त्या पुरवणी उघडून थेट शब्दकोडे गाठत.) आईंना जड जातील असे संपादकांना वाटणारे शब्द त्याच्या टेबलाच्या काचेखाली लावलेले होते. त्यांत दाब, तापमान, रेणू आणि 'अंदाजे' हे शब्द होते. 'अंदाजे' म्हटले की वाचकांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो.

एवढे शब्द वजा केल्यावर विज्ञानात फारसे काही उरत नाही. जे उरले, ते लेखकाने कुकरमध्ये घातले. ज्वालामुखी म्हणजे पृथ्वीचा कुकर. सूर्य म्हणजे गॅस न संपणारा कुकर. विश्वाची उत्पत्ती म्हणजे झाकण उडालेला कुकर. कृष्णविवर म्हणजे झाकण कधीच न निघणारा. (इथे आपण शास्त्रीय अचूकतेचे टोक गाठले, असे त्याला मनापासून वाटले.)

"विश्व लावून झालं असेल, तर आता घरातला लावता का?" बायको विचारी. तो पुढचा परिच्छेद लिहायला घेई. लोकशिक्षणाला विरोध घरातूनच सुरू होतो.

मग जागेचा प्रश्न आला. शब्दकोडे मोठे करायचे ठरले आणि पान काही मोठे होईना. संपादक म्हणाले, "वाचनालयाच्या सभागृहात जाहीर कार्यक्रम करा. लोकांना कळलं तर सदर राहील. नाही कळलं, तर तिथे आडवे-उभे शब्द येतील." लेखक तयारीला लागला. त्याला दुसरे काही येत नव्हते, आणि हे तरी येते का, याची परीक्षा आजवर झालेली नव्हती.

आकलन मोजण्याची पद्धत सर्वमान्य होती. "कळलं का?" असे विचारायचे आणि वर झालेले हात मोजायचे. ध्वनी अठ्ठ्याण्णव टक्के लोकांना कळला. प्रकाश शंभर टक्के. (झोपलेल्या एका गृहस्थांना शेजाऱ्याने ढोसताच त्यांनाही कळला.) सापेक्षता एकशे तीन टक्के लोकांना कळली, कारण काहींनी दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत, संपादकांच्या शेजारी, आणखी एक हात वर झाला. तो आईंचा होता. तोही मोजून झाल्यावर लक्षात आले की त्यांना काहीतरी विचारायचे आहे.

"कुकरमध्ये लवकर का शिजतं हो?"

वर झालेले बाकीचे हात खाली आले.

उत्तर लेखकाला चोख येत होते. फक्त एका वाक्याचे होते. पण त्या वाक्यात दाबही होता आणि तापमानही, आणि काचेखालची यादी करणारा माणूस आईंना खेटून बसला होता. लेखक घोटभर पाणी प्यायला.

"आजी, ज्वालामुखी माहितीये ना? अगदी तस्संच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "कळलं ना, आई?" संपादकांनी कौतुकाने विचारले. सगळे मागून माना उंचावून बघत होते. आईंनी हात वर केला. सदर वाचले.

बाहेर पायऱ्यांवर आईंनी आधारासाठी लेखकाचा हात धरला.

"ज्वालामुखी काही मी पाहिलेला नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "कुकर रोज बघते. म्हणून विचारलं."

त्याने मागे पाहिले. संपादक कोणाचे तरी अभिनंदन स्वीकारत होते. ते एक वाक्य सांगायला तेवढा वेळ पुरला असता. त्याने तोंडही उघडले; पण संपादक वळले.

"रविवारी लिहितो, आजी."

"लिहा. कोड्याच्या शेजारीच असतं ना तुमचं?"

रविवारी त्याने लिहिले. मथळा होता, 'आपल्या घरातला ज्वालामुखी'. वाचकांची पसंती उदंड आली. आईंनी कोडे सोडवले.

प्रस्तुत मजकूरही याच निकषावर तपासून घ्यायचा आहे. तेव्हा, वाचकहो, सगळे कळले ना? कुकरमध्ये लवकर का शिजते, हे इथे तुम्हाला कोणीही विचारणार नाही. निर्धास्तपणे हात वर करा.