चिचटोल्याचा तलाव दिसत नाही

लाखांदूर तालुक्यातला चिचटोल्याचा तलाव चांगला ऐसपैस आहे. पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि एसटीच्या खिडकीतून तो बराच वेळ दिसत राहतो. एवढं असूनही हा तलाव अस्तित्वात नसल्याचं जिल्ह्याच्या एका कार्यालयाच्या लक्षात आलं.

झालं असं, की 'दृश्यमान सहकार' नावाचं अभियान निघालं. त्याच्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ज्या संस्थेचे संकेतस्थळ शोधयंत्राच्या पहिल्या पानावर आढळत नाही ती संस्था कार्यरत नाही असे समजण्यात येईल. जी संस्था कार्यरत नाही तिच्या ताब्यातील तलाव विनावापर आहे असे समजण्यात येईल. आणि विनावापर तलावाचा ठेका इच्छुकास देण्यात येईल. हे परिपत्रक स्वतः कुठल्याच पानावर सापडत नव्हतं. ते एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं होतं.

चिचटोल्याच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव लिलाधर यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. गावातली सगळी ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं त्या तलावावर जगत होती. मासोळी, शिंगाडे, जे काही होतं ते त्या पाण्यात होतं. तलाव गेला तर जाळी वाळत घालायलासुद्धा जागा उरणार नव्हती. नाही म्हणायला सोसायटीचं संकेतस्थळ होतं. मागच्या एका अभियानात ते तयार झालं होतं आणि त्याचा फोटो फ्रेम करून कार्यालयात लावला होता. त्यापलीकडे ते कोणी पाहिलं नव्हतं.

लिलाधरनं मोबाइलवर 'चिचटोला तलाव मासोळी' असं टाकून सर्च मारला. सगळ्यात वर भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराचं संकेतस्थळ आलं. त्याखाली स्वप्नात मासा दिसल्यास काय फळ मिळतं ते सांगणारे एक ज्योतिषी होते. सोसायटी कुठेच नव्हती. ठेकेदाराच्या पानावर निळाशार तलाव होता आणि त्याच्या काठावर नारळाची झाडं डुलत होती. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'चिचटोला तलावासाठी चौकीदार पाहिजे. निवासाची सोय. स्थानिकास प्राधान्य.' तलाव अजून मिळाला नाही आणि हा चौकीदार शोधतो, या विचारानं लिलाधरला भयंकर संताप आला. संतापाच्या भरात त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, आणि पगार किती लिहिला आहे तेही पाहून ठेवलं.

पवनीत रुचिता नावाच्या बाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. 'संकेतस्थळांचे सर्व जुने आजार बरे होतील' अशी पाटी तिथे होती. रुचिताबाईंनी सोसायटीचं संकेतस्थळ वरखाली केलं आणि निदान सांगितलं.

"लिलाधरभाऊ, तुमच्या साइटले आतून कुलूप हाये."

"कुलूप? कोनी लावलं?"

"बनवणाऱ्यानं. हे पाहा, शोधयंत्राचा एक माणूस असते असं समजा. थो घरोघरी जाते, वाचते, आन् वर जाऊन सांगते का इथं असं असं हाये. तुमच्या दारावर लिहून ठेवलं, बाहेरच्याले प्रवेश नाही. थो बिचारा दरवेळी येते आन् दारातूनच वापस जाते."

लिलाधरला एकदम आठवलं. तलावात बाहेरचे लोक चोरून गळ टाकत होते, तेव्हा सोसायटीनं ठराव केला होता की बाहेरच्या कोणत्याही इसमास तलावात आणि तलावासंबंधीच्या कोणत्याही ठिकाणी प्रवेश नाही. संकेतस्थळ बनवणाऱ्यानं तो ठराव इमानेइतबारे पाळला होता.

"मंग काढून टाका कुलूप," लिलाधर म्हणाला आणि लगेच घाबरला. "नाही, थांबा. ठराव हाये. सभा घ्या लागन."

सभा झाली. अध्यक्ष गोपीचंद यांनी विषय समजावून घेतला आणि नेमका पेच मांडला. "आत घ्याचं तं घेऊ. पन कोनत्या नात्यानं? थो सभासद नाही, गावचा नाही, ढिवर हाये का नाही हे बी मालूम नाही."

"थो माणूस नाही जी, प्रोग्राम हाये," लिलाधर म्हणाला.

"मंग तं अजूनच कठीण," गोपीचंद म्हणाले. "त्याचा रहिवासी दाखला कोन देईन?"

बरीच चर्चा होऊन शोधयंत्राला निमंत्रित पाहुणा म्हणून प्रवेश देण्यात आला. त्यानं फक्त वाचावं, जाळं टाकू नये, आणि दिवस मावळायच्या आत परत जावं, अशा अटी घालण्यात आल्या. कुलूप निघालं. पाहुणा आला, त्यानं वाचलं आणि तो गेला. सोसायटी तरीही कुठेच दिसेना.

"कारन आत वाचाले काहीच नाही," सभेला बोलावलेल्या रुचिताबाई म्हणाल्या. "अध्यक्षाचं मनोगत हाये, पाहुण्याचा सत्कार हाये. मासोळीचं नाव नाही. मासोळी कोनती, कोठी, कधी भेटते, हे लिहा ना."

इथे खरी अडचण उभी राहिली. ज्येष्ठ सभासद गुणाबाई ताडकन उठल्या. "कोठी भेटते हे सांगाचं? माह्या सासऱ्यानं माह्या नवऱ्याले नाही सांगतलं! मासोळी कोठी लागते हे सांगाचं नसते, बाप्पा. सांगतलं का गेली." या धंद्यात कोणी विचारलं तर 'काही नाही लागलं आज' असंच सांगायची रीत होती, मग टोपली भरून वाहत का असेना. शेवटी तोडगा निघाला. 'ताजी मासोळी' हे शब्द जमतील तितक्या वेळा लिहायचे, पण जागा गुलदस्त्यात ठेवायची. त्याप्रमाणे संकेतस्थळावर ताजी मासोळी, ताजी मासोळी, ताजी मासोळी असा मजकूर पायथ्यापर्यंत भरण्यात आला आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं गेलं, 'आज मासोळी आहे किंवा नाही हे सांगता येत नाही.'

शोधयंत्रानं ही लबाडी ओळखली आणि संस्थेला आणखी मागच्या पानावर नेऊन बसवलं.

मग उपचारांचा सपाटाच सुरू झाला. फोटो हवेत असं रुचिताबाई म्हणाल्या, म्हणून प्रत्येक सभासदानं आपापला फोटो दिला, तोही लग्नात काढतात तसला मोठा. पान उघडायला इतका वेळ लागू लागला, की तेवढ्यात रोहू साफ करून फोडणीला टाकता यावा. फोटो बारीक करायचे ठरले, तर कोणाचे आधी बारीक करायचे यावरून भांडणं झाली. दुसऱ्या संकेतस्थळांनी त्यांच्या पानावर आपला पत्ता दिला की वजन वाढतं असं कळल्यावर लिलाधर भंडाऱ्यातलं पितळी भांड्यांचं एक दुकान, पवनीतलं एक मंगल कार्यालय आणि लाखांदूरचं एक ब्यूटी पार्लर यांच्याकडे हात जोडून आला. त्यांनी पत्ता दिला, पण परतफेड म्हणून सोसायटीच्या पानावर नवरीचा मेकअप झळकू लागला. एवढ्यात पहिलं गिऱ्हाईक निघालं आणि ते थेट गोंदिया जिल्ह्यातल्या चिचटोल्याला जाऊन धडकलं. सोसायटीची नोंद भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची, त्यामुळे शोधयंत्राच्या मते ती कुठल्या बाजूला गेली हे अजून ठरायचं होतं. त्या चिचटोल्यात तलाव नव्हता. विटांची भट्टी होती. गिऱ्हाईक फोनवर जे बोललं ते लिलाधरनं सभेपुढे ठेवलं नाही.

या सगळ्या काळात जाळी खुंटीला होती. सभासद सभेत होते आणि सचिव मोबाइलमध्ये होता. लिलाधर उठल्या उठल्या सर्च मारायचा, जेवताना मारायचा, पाळीवर बसून मारायचा. सोसायटीचं पान शोधून काढायचं, उघडायचं, पुन्हा शोधायचं. आणि एके दिवशी चमत्कार झाला. त्याच्या मोबाइलमध्ये सोसायटी सगळ्यात वर आली! ज्योतिषी खाली गेले, ठेकेदार दुसरा झाला. लिलाधर पाळीवरून ओरडत गावात आला. त्या दिवशी तलावात जाळं पडलं आणि घरोघरी रस्सा शिजला.

तपासणीला जिल्ह्याच्या कार्यालयातले साहेब आले. अभियानाचा कणा पारदर्शकता हा असल्यामुळे साहेबांच्याच मोबाइलवर शोध घ्यायचा आणि तो ग्रामपंचायतीच्या सभागृहातल्या भिंतीवर सर्वांना मोठा करून दाखवायचा, असा नियम होता. पवनीहून आलेल्या रुचिताबाईंनी प्रोजेक्टर लावला. गाव लोटलं. साहेबांनी गंभीरपणे शब्द टाकले. भिंतीवर सगळ्यात वर ठेकेदाराचं नारळीचं तळं आलं. सोसायटी नव्हती.

लिलाधर मध्येच ओरडला. "साहेब, माह्या मोबाइलमध्ये आमीच पहिले हावो जी!"

"शासन तुमच्या मोबाइलवर चालत नाही," साहेब म्हणाले. "तलाव दिसत नाही. विषय संपला."

गुणाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि ठेकेदाराच्या नावाखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बाई, हे का लिहून हाये?"

रुचिताबाईंनी सवयीनं वाचून टाकलं. "'तुम्ही या पानाला अनेकदा भेट दिली आहे. शेवटची भेट: काल.'"

गुणाबाईंचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

"म्हनजे?" गुणाबाईंनी विचारलं.

"म्हनजे आपन जिथं जास्त जातो ना मावशी, थेच मोबाइल आपल्याले वर दाखवते. लिलाधरभाऊ रोज सोसायटीत जाते, म्हणून त्याईले सोसायटी पहिली. साहेब..." रुचिताबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. ते गावानं मनातल्या मनात पूर्ण केलं. मागून कोणीतरी खुसकन हसलं आणि मग अख्खी ग्रामपंचायत हसली.

साहेब लाल झाले. पण ते मुरलेले अधिकारी होते. "पारदर्शकता सर्वांसाठी असते," ते म्हणाले. "आता सचिवांचा मोबाइल लावा."

लिलाधर ऐटीत उठला. मोबाइल अर्धा खिशाबाहेर आला आणि त्याचा हात तिथेच थांबला. पहिली सोसायटी होती हे खरं. पण दुसऱ्या नंबरवर ठेकेदार होता आणि त्याच्याही खाली तीच बारीक ओळ होती. चौकीदाराची ती जाहिरात तो आज सकाळीही वाचून आला होता. तलाव गेलाच तर निदान आपलं तरी भागावं, एवढंच त्याच्या मनात होतं. समोर गुणाबाई अभिमानानं त्याच्याकडे पाहत होत्या, आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चार्जिंग संपली जी," तो म्हणाला.

"मग अध्यक्षांचा?"

गोपीचंदांचा मोबाइल घरी राहिला होता. त्याच वेळी तो त्यांच्या खिशात वाजला, पण कोणाचंच लक्ष गेलं नाही. कारण सभागृहातला प्रत्येक जण आपापला मोबाइल खिशात, पदराखाली, मांडीखाली सरकवण्यात गुंतला होता. "माहा लावा," गुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या बटनाच्या मोबाइलमध्ये फक्त फोन येत.

साहेबांनी सभेवर नजर फिरवली. सभेनं साहेबांकडे पाहिलं. इतकी वर्षं न जमलेला प्रशासन आणि जनता यांच्यातला समन्वय त्या क्षणी घडून आला. प्रोजेक्टर बंद झाला. साहेब म्हणाले, "तलाव डोळ्यांनी पाहायला हरकत नसावी." सगळे पाळीवर गेले. अहवालात नोंद झाली, 'प्रत्यक्ष पाहणीअंती तलाव दिसून आला.' सोसायटीचा तलाव सोसायटीकडे राहिला. लिलाधर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला.

परिपत्रकात मात्र दुरुस्ती झाली. अधिकाऱ्याचा मोबाइल निःपक्षपाती नसतो हे मान्य करून यापुढे तपासणी एखाद्या सामान्य, सुशिक्षित, स्वच्छ मनाच्या नागरिकाच्या मोबाइलवर करावी, असं ठरलं. जिल्हाभर आवाहन निघालं. अजून एकही नागरिक पुढे आलेला नाही.

तेव्हा साहेबांना आणि लिलाधरला हसून झालं असेल, तर आपण यावं. चिचटोल्याची एसटी लाखांदूरहून मिळते. मोबाइल सोबत आणावा. भिंतीला नवा चुना दिलेला आहे, आणि गुणाबाई पुढच्याच खुर्चीवर बसल्या आहेत.