बापूंची गार अंघोळ

दगडूबापूंनी मला दोन वर्षं फसवलं. मी पर्वत पाटिया भागातला साड्यांचा व्यापारी, डोक्यावर गठ्ठे वाहून दुकान उभं केलेला. मला फसवणारे सुरतेत कमी. त्यात बापू तर शेजारी, एका भिंतीपलीकडचे.

टपरीवरचा उकळत्या चहाचा ग्लास ते मुठीत धरत. सगळे बघत राहायचे.

"बापू, चटका?"

"माले काय व्हस?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मूळचे धुळ्याकडचे, आयुष्य लूमवर गेलेलं. कापडातला तुटका धागा डोळे मिटून बोटांनी हुडकत. अशा बोटांवर शंका कोण घेणार? वर ऐन थंडीत गार पाण्याने अंघोळ. "गरम पाण्याने माणूस मऊ पडस," म्हणायचे. त्यांच्या नादाने मीही आठवडाभर तसा न्हालो आणि तापाने पडलो. तो राग अजून आहे.

एकदा टपरीवर एका दलालाशी माझी जुंपली होती. बापू शेगडीला टेकून आम्हाला समजावत होते. मधेच नाक वर करून म्हणाले, "काहीतरी जळी राह्यनं."

जळत होतं त्यांचंच कोपर.

ओढतच मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हाताला लावायला गरम आणि गार पाण्याच्या नळ्या आणल्या. "काका, आंख बंध राखो." बापूंनी एक डोळा किलकिला करून वाफ पाहिली आणि ठासून म्हणाले, "गरम!" डॉक्टरांनी डोळ्यांवर रुमाल बांधला, तशा बापूंना सगळ्याच नळ्या गार लागल्या. कापसाचा बोळा मात्र फिरवताक्षणी ओळखला.

एमआरआयमध्ये कारण दिसलं. मानेत, मज्जारज्जूच्या आत, पाण्याने भरलेली लांब पोकळी. असं क्वचितच कुणाला होतं. स्पर्श शाबूत राहतो, चटका आणि दुखणं जातं. नंतर हातांची ताकदही जाते. ऑपरेशनने रोग थांबेल, पण गेलेलं परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.

मी सौद्याला बसलो. "दोन्ही हातांचं राहू द्या. उजव्याचं तरी परत द्या."

डॉक्टर एमआरआयची फिल्म पाकिटात घालू लागले.

"बरं, दोन बोटांचं."

"जाऊ दे भाऊ," बापू म्हणाले. "ह्या दुकानमा आठे एकच भाव से."

ऑपरेशन झालं. ताकद वाचली, चटका परतला नाही.

आता रोज सकाळी माझं दार वाजतं. बापू अंघोळीच्या पाण्याचा तांब्या धरून उभे असतात. "भाऊ, हात घाली देख ना." मी बोटं बुडवतो, शिव्या घालतो, गार मिसळायला सांगतो.

परवा त्यांच्या उघड्या खांद्यावर भाजल्याचा जुना, तळहाताएवढा डाग दिसला. विचारलं, तर म्हणाले, ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी कढत पाणी अंगावर ओतलं, कळलंच नाही. त्या दिवसापासून गारच. एकट्याच्या घरात पाणी गरम की गार, विचारायला कोण होतं?

मधे एक भिंत होती, बापू. पलीकडे मी होतो, रोज सकाळी, जागा. दोन वर्षं माझं दार का वाजवलं नाही? याचा जवाब मला पाहिजे.