हिरव्या पाण्यातला म्हातारा

मी विसरत नाही. मूल झालं की बायका विसरभोळ्या होतात म्हणतात, माझं उलट झालं. लसीची तारीख, गॅसचा नंबर, नवऱ्याचा हरवलेला मोजा, सगळं डोक्यात असतं. "घरात एक तरी माणूस शाबूत आहे," असं नवरा म्हणतो तेव्हा मी नम्रपणे मान हलवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते सांगायला तोंड उरणार नाही.

नवऱ्याला कोई माशांचा नाद आहे. कोई म्हणजे तळ्यात पाळायचे रंगीत मासे, चांगले हातभर वाढतात. घरामागच्या अंगणात त्याने स्वतः खणून तळं केलं, आणि तेव्हापासून सासूबाईंच्या मते त्याचे दोन संसार आहेत. त्याचा एक क्लबही आहे. वर्षातून एकदा सगळे मिळून एकमेकांची तळी पाहायला निघतात.

या वर्षीच्या सहलीला फार महत्त्व आलं होतं. क्लबचे अध्यक्ष टेलर मास्तर यांचे गुडघे गेले, आणि ते मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होते. तिथे बादलीच्या पलीकडे पाणी ठेवायची सोय नाही. त्यांच्याकडे सव्वीस वर्षांचा एक मासा होता. अंगाने पांढराशुभ्र, डोक्यावर लाल टोपी. सगळे त्याला 'म्हातारा' म्हणत. तो कुणाच्या तळ्यात सोडायचा, हे मास्तर सहलीच्या दिवशी सगळी तळी पाहून ठरवणार होते.

"तो आपल्याकडे आला ना," नवरा म्हणाला, "तर मला आयुष्यात दुसरं काही नको."

मी आणि मुलगी त्याच्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे तुमच्यानंतर," तो म्हणाला.

आणि नेमकं दहा दिवस आधी आमच्या तळ्याचं पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी सरबतासारखं, मग पालेभाजी वाटल्यासारखं. नवऱ्याने गाळणी धुतली, माशांचं खाणं अर्धं केलं, पाणी बदललं. माझ्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर घातल्या नव्हत्या एवढ्या येरझाऱ्या त्याने तळ्याभोवती घातल्या. रोज सकाळी पेलाभर पाणी उजेडात धरायचा आणि मग कामावर जायचा. मला त्याच्याकडे बघवेना.

"तो शेवाळ मारायचा दिवा चालू आहे ना?" मी विचारलं. हा दिवा एका बंद नळीत असतो आणि तळ्याचं पाणी त्यातून फिरतं. बाहेरून काही दिसत नाही.

त्याने दारातूनच मागच्या खोलीतला बोर्ड दाखवला. तीन बटणं, तीन लाल ठिपके. "पंप, हवा, दिवा. तिन्ही चालू."

"मग माशांचंच काहीतरी असेल," मी जाणकारासारखं म्हटलं.

सहलीच्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन मीही गेले. पहिलं तळं दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. तिथे चपला बाहेर काढायच्या, हात औषधाने धुवायचे आणि नंतर कशालाही हात लावायचा नाही. आमच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा तिथलं पाणी स्वच्छ होतं. मासे एका ओळीत कोपऱ्यात उभे होते, नंबर लागल्यासारखे.

"तळाची टाचणी दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"टाचणी दिसतेय," मास्तर म्हणाले. "मासे घाबरलेले दिसतात."

दुसरं तळं ठेकेदाराचं. त्याला धबधबा होता, रंगीत दिवे होते आणि दगडातून गाणी वाजत होती. मास्तरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झोपतात कधी?"

नवऱ्याचा चेहरा उतरत चालला होता. दोन्ही ठिकाणी पाणी काचेसारखं, आणि तिसरं, शेवटचं तळं आमचं. लेक दुधासाठी रडायला लागली, म्हणून मी रिक्षा करून पुढे घरी आले.

मुलीच्या खोलीतल्या एकुलत्या एका सॉकेटला पंखा आहे. त्यामुळे दूध गरम करायच्या यंत्राची वायर मी मागच्या खोलीच्या खिडकीतून बोर्डापर्यंत नेली होती. ती लावून किती दिवस झाले, हे मी मोजलं नव्हतं. त्या दिवशी दूध गरम होईना, म्हणून प्लग नीट बसलाय का बघायला गेले. माझा प्लग तिसऱ्या बटणावर होता. लाल ठिपका माझ्या दुधाचा होता. खाली भिंतीलगत दुसरा एक प्लग लोंबत होता. त्याला नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: 'हा प्लग काढू नये.'

अर्धवट झोपेत तो काढताना मी ती चिठ्ठी वाचलीही असणार.

दिवा परत लावला. पण दहा दिवसांचं शेवाळ दहा मिनिटांत कुठलं मरतंय? फाटकाशी गाडी थांबली.

मंडळी तळ्याभोवती उभी राहिली.

"तळं कुठंय?" ठेकेदार म्हणाला. "ही तर हिरवळ आहे. मासे आहेत तरी का यात?"

माझ्या लेकीने हातातलं ओलं बिस्कीट पाण्यात टाकलं. लगेच चार मोठी तोंडं वर आली, तिच्या बोटांशी आ करून थांबली. ती रोज चोरून बिस्किटं घालत होती, हेही तेव्हाच कळलं.

मास्तर वाकले. "पाणी असं का, रे?"

"मास्तर, मी खूप…" नवरा सांगू लागला. शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा उभा होता. मला राहवलं नाही.

"मुद्दाम ठेवलंय," मी म्हटलं.

सगळे वळले. नवराही वळला.

"स्वच्छ पाण्यात ऊन थेट लागतं," मी म्हणाले. "रंग उडतो. कपड्यांचा उडतो ना, तसा."

का म्हणाले, देव जाणे. समोर टेलर उभा होता, एवढंच.

मास्तर हळूहळू सरळ झाले. "चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, कापड उन्हात वाळवू नका. आणि हे लोक मासे काचेच्या कपाटात ठेवतात." त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारा इथेच येईल. पण पाणी असंच ठेवायचं. दिवाबिवा लावायचा नाही. शब्द दे."

नवऱ्याने शब्द दिला. त्या वेळचा त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मी विसरत नाहीच.

म्हातारा येऊन आता दोन महिने झाले. तो तळ्यात आहे, असा आमचा समज आहे. मास्तर दर आठवड्याला येतात, खुर्ची टाकून बसतात, चिमूटभर खाणं टाकतात. लाल टोपी क्षणभर वर येते आणि बुडते. "आहे," म्हणतात आणि मुलीकडे परत जातात. नवरा पेला उजेडात धरून बघतो आणि पाणी पुरेसं हिरवं आहे का, याची काळजी करतो.

मंडळी गेल्यावर दिव्याचा प्लग मी गुपचूप पुन्हा काढला, पण त्याचं त्याला सांगितलं नाही. सांगणार होते, पण वेळ मिळायला हवा ना. आत्ताही लेक झोपली आहे म्हणून एवढं लिहिता आलं. ती उठायच्या आत दूध लावून ठेवावं म्हणून मघाशी मागच्या खोलीत गेले, तर लोंबत्या प्लगला नवी चिठ्ठी होती. अक्षर त्याचंच: 'हा प्लग लावू नये. दूध चालू द्यावं.'